वारीत काढलेला आजींचा फोटो जाहिरातीसाठी द्यावा का?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही, परंतु आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखी सोहळ्याबरोबर जमतील तेवढे टप्पे चालावेत आणि छायाचित्रे काढावीत, असा माझा परिपाठ आहे. गेल्या वारीत सासवड ते जेजुरी या वाटेवर काढलेल्या एका छायाचित्राबाबत मला निर्णय घ्यायचा आहे, आणि हा प्रश्न माझ्यासारख्या अनेकांना पडत असावा, म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे.

छायाचित्र असे आहे. दुपारच्या विसाव्याला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी लिंबाच्या सावलीत पाय लांब करून बसल्या आहेत, डोक्यावरचे तुळशी वृंदावन त्यांनी शेजारी पोत्यावर ठेवले आहे आणि दिंडीतली दुसरी एक बाई त्यांच्या गुडघ्याला तेल चोळते आहे. आजी मान मागे टाकून हसत आहेत. मी कॅमेरा थोडा वर करून 'काढू का, माऊली?' असे विचारले होते आणि त्यांनी पदर सारखा करत 'काढा की' असे उत्तर दिले होते. काढलेला फोटो मी त्यांना पडद्यावर दाखवलाही. तेवढ्यात टाळ सुरू झाले, विसावा संपला आणि दिंडी पुढे गेली, त्यामुळे नाव-गाव विचारण्याइतका वेळ मिळाला नाही.

हा फोटो आमच्या मंडळाच्या प्रदर्शनात लागला होता. तेथे तो पाहून एका जाहिरात संस्थेने सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीसाठी तो विकत मागितला आहे. मोबदला चांगला आहे. संस्थेचे म्हणणे असे की, फोटो सार्वजनिक रस्त्यावरचा आहे, आजींनी स्वतः होकार दिला होता आणि फोटोचा मालक मी आहे, म्हणजे अडचण काहीच नाही. मला मात्र हे पटत नाही. आजींच्या 'काढा की'मध्ये एवढे सगळे सामावले होते असे मानता येईल का? त्यांचा पत्ता लागलाच नाही तर काय करावे? आणि पुढच्या वारीत आपण सर्वांनी कोणती पथ्ये पाळावीत, यावरही अनुभवी मंडळींनी लिहावे, अशी विनंती आहे.

तगर

मी वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू आधी मांडते. नीतीची बाजू त्याहून मोठी आहे आणि त्यावर इतर लोक लिहितीलच.

संस्थेने तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली आहे. फोटोचे मालक तुम्ही आहात, हे बरोबर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कोणी पैसे देऊन काढून घेतलेला नसेल तर छायाचित्राचा पहिला स्वामी छायाचित्रकारच असतो. पण तो हक्क चित्रावरचा आहे, चित्रातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा नाही. तुमची परवानगी घेतल्यामुळे संस्थेला आजींची परवानगी मिळत नाही.

दुसरा मुद्दा सार्वजनिक जागेचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्या निकालपत्रात असा विचार स्पष्टपणे आला आहे की, माणूस सार्वजनिक ठिकाणी आला एवढ्यानेच त्याचा खासगीपणा संपत नाही, कारण खासगीपणा जागेला नव्हे तर व्यक्तीला चिकटलेला असतो. रस्त्यावर उभे राहून गर्दीचा फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही हे खरे, पण 'रस्त्यावर होत्या ना, मग झाले' हा युक्तिवाद त्या निकालानंतर फार लंगडा पडतो.

तिसरा मुद्दा होकाराचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काढू देणे आणि पसरवू देणे हे दोन वेगळे होकार आहेत, हा भेद आपल्या कायद्याने एका ठिकाणी अगदी स्वच्छ केला आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७, जे १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या ३५४-सी या कलमाच्या जागी आले, ते स्त्रीची खासगी कृती चोरून पाहण्याबद्दल व टिपण्याबद्दल आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, स्त्रीने चित्र टिपण्यास संमती दिली असेल, पण ते इतरांपर्यंत पोहोचवण्यास दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हा ठरतो. तुमच्या फोटोला हे कलम लागू नाही, हे स्पष्ट करते. पण त्यामागचे तत्त्व तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही संमती ही विशिष्ट कारणासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असली पाहिजे, अशीच व्याख्या आहे. आजींनी समोर उभ्या असलेल्या एका माणसाला, त्या क्षणापुरते, फोटो काढू दिला. तेलाच्या बाटलीवर छापले जाण्याची कल्पनाही त्यांच्यापुढे कोणी मांडलेली नव्हती.

एक व्यावहारिक सूचना. या संस्थेचा करारनामा बारकाईने वाचा. अशा करारांत बहुधा एक कलम असते की, चित्रातील सर्व व्यक्तींची परवानगी घेतली असल्याची हमी छायाचित्रकार देतो आणि पुढे तक्रार आली तर भरपाईही तोच देईल. म्हणजे आज तुम्हाला 'अडचण काहीच नाही' असे सांगणारी मंडळी उद्याची अडचण तुमच्या सहीने तुमच्याच नावावर टाकून मोकळी होतात. छायाचित्रे विकणारी मोठी संकेतस्थळेदेखील ओळखू येणारा चेहरा असेल तर व्यक्तीने सही केलेला मॉडेल रिलीज, म्हणजे चित्र वापरू देण्याचा लेखी होकार, मागतात आणि तो नसेल तर चित्र केवळ वृत्तविषयक वापरासाठी ठेवतात, ही गोष्ट त्या संस्थेला चांगली ठाऊक असणार.

रिंगण

माझे माहेर वारकरी आहे. आजी, आई आणि आत्या या तिघींबरोबर मी लहानपणापासून चालते आहे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूने लिहिते.

वारीत 'काढा की' म्हणणे फार सोपे असते, आणि त्याचे कारण छायाचित्रकारांनी नीट समजून घ्यावे. तिथे समोरच्या प्रत्येकाला माऊली म्हणायचे, प्रत्येकाच्या पाया पडायचे, मागितले ते पाणी, भाकरी, जागा द्यायची, अशी वृत्ती असते. अशा वृत्तीत असलेल्या माणसाला 'फोटो काढू का' विचारले तर नाही म्हणणे त्याच्या मनातही येत नाही. त्या होकारात औदार्य आहे, म्हणूनच त्याचा अर्थ ताणून घेऊ नये. माझ्या आत्याने असाच एका मुलाला फोटो काढू दिला आणि पुढच्या वर्षी तो तालुक्याच्या चौकात एका पुढाऱ्याच्या आषाढी शुभेच्छांच्या फ्लेक्सवर लागला. आत्याचा चेहरा त्या पुढाऱ्याच्या चेहऱ्याशेजारी, तेवढाच मोठा. गावात लोक विचारू लागले की तुम्ही त्यांच्या पक्षात कधी गेलात. ज्या बाईने उभ्या आयुष्यात कोणत्या पक्षाची सभा ऐकली नाही, तिला पोळा उलटेपर्यंत खुलासे द्यावे लागले. फोटो सुंदर होता, असे आजही सगळे म्हणतात.

तेलाच्या जाहिरातीत हेच घडेल. तुमच्या फोटोत एक बाई दुसरीची सेवा करते आहे आणि ती हसते आहे; जाहिरातीत तोच फोटो असे सांगेल की या आजी अमुक तेल वापरतात आणि त्यांना गुण आला. ती गोष्ट त्यांनी कधी सांगितलेली नाही. त्यांच्या चेहऱ्याला असे खोटे बोलायला लावण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कोणालाच नाही.

पत्ता लागणार नाही असे मात्र समजू नका. माऊलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी अधिक दिंड्या चालतात, आणि प्रत्येकीला क्रमांक असतो. तुमच्या त्याच दिवसाच्या इतर फोटोंत पताका, दिंडीचा फलक किंवा सामानाच्या ट्रकवरची पाटी दिसते का ते पाहा, कारण पाटीवर बहुधा दिंडीचे नाव, क्रमांक, गाव आणि चालकांचा फोनही रंगवलेला असतो. फोटो कुठे आणि किती वाजता काढला यावरून रथापुढची दिंडी की मागची, एवढे तरी ठरते. दिंडीत भिशी, म्हणजे जेवणाखाणाची वर्गणी, भरलेल्यांची गाववार यादी चालकांकडे असते. फोटो त्यांना दाखवला तर बहुतेक वेळा 'या अमक्या गावच्या' असे उत्तर मिळते. तेही नाही जमले तर पुढच्या वारीत मुक्कामाच्या समाज आरतीला जा. तिथे चोपदार दंड उंचावतात, सगळे टाळ थांबतात आणि हरवले-सापडलेल्याची माहिती दिली जाते. एखाद्या दिंडीला तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते आणि चोपदार येऊन ऐकून घेतात. माणसे शोधण्याची आणि गाऱ्हाणे ऐकण्याची एवढी जुनी रीत जिथे आहे, तिथे 'पत्ता लागला नाही' ही सबब सहसा टिकत नाही.

पुढच्या वारीसाठी पथ्यांचे विचारले आहे, तर माझ्यासाठी एकच पथ्य सगळ्यांच्या वर आहे. पहाटे तीन-साडेतीनला बायका टँकरच्या नळाखाली अंघोळ करतात. दोघी-तिघी लुगड्याचा आडोसा धरतात, एक आत कपडे बदलते, मग पाळी बदलते. त्या वेळी तिथे कॅमेरा घेऊन फिरकूसुद्धा नये. 'मी दुसऱ्या बाजूला टाळकरी टिपत होतो' हे कारण कोणी देऊ नये, कारण आडोशामागच्या बाईला तुमचे भिंग कोणत्या बाजूला आहे ते दिसत नाही. तिला फक्त कॅमेरा दिसतो आणि ती ओल्या कपड्यांवर तशीच थांबून राहते. हेच चंद्रभागेच्या वाळवंटात, हेच फिरत्या शौचालयांच्या रांगेपाशी, हेच शाळेच्या पडवीत रात्री ओळीने झोपलेल्या बायकांबाबत. ड्रोन तर आता डोक्यावरूनच येतात आणि त्यांच्यापासून लुगड्याचा आडोसाही वाचवत नाही.

काळापांढरा

वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढण्यात माझी नोकरीची वर्षे गेली. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी जाहिरातीच्या मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे: आजींच्या जाणत्या होकाराशिवाय फोटो देऊ नये. पण या चर्चेतून 'विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो काढूच नये' असा नियम निघणार असेल, तर त्याला माझा विरोध आहे आणि तो मी ठामपणे नोंदवतो.

दिवे घाटात वळणावळणाने चढणारी दिंडी, रिंगणात अश्व धावत गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली माणसे, फुगडीत गरगरणाऱ्या दोन म्हाताऱ्या, यांतल्या कोणाला आधी विचारायचे? विचारले की क्षण संपतो आणि उरते ती पोझ. समाजाचे स्वतःविषयीचे दस्तऐवज असेच, न विचारता काढलेल्या चित्रांतून तयार झाले आहेत. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत अर्धवट पुरलेल्या एका बालकाचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. त्या बालकाची संमती कोण देणार होते? पण ती छायाचित्रे नसती तर त्या रात्रीचा हिशेब जगाने इतका काळ मागितला नसता. तेव्हा माझा निकष असा आहे: चित्र त्या माणसाच्या बाजूने किंवा सर्वांच्या हितासाठी काही सांगते आहे का, की त्याच्या जिवावर दुसरेच कोणी काही कमावते आहे?

हा निकषही पुरेसा नाही, हे मला एका उदाहरणाने शिकवले. अमेरिकेतील महामंदीच्या काळात, १९३६ मध्ये, डोरोथिया लँग सरकारी खात्यासाठी काम करत असताना कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाण्याच्या मळ्यावर आलेल्या मजुरांच्या तळावर थांबल्या आणि मुलांना बिलगून बसलेल्या एका आईची काही चित्रे त्यांनी घेतली. त्यांतले एक चित्र 'मायग्रंट मदर' (स्थलांतरित आई) म्हणून जगभर गेले. हेतू निर्मळ होता आणि परिणामही झाला, त्या तळावर सरकारी अन्नधान्य पोहोचले. पण त्या बाईचे नाव जगाला कळायला १९७८ उजाडले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन तेव्हा म्हणाल्या की, हा फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते. आपले नाव विचारले नव्हते, विकणार नाही असे सांगितले होते, प्रत पाठवण्याचे कबूल केले होते आणि ती कधी आली नाही. चित्र सरकारी मालकीचे असल्यामुळे लँग यांनाही त्यावर मानधन मिळाले नाही, म्हणजे येथे लोभ नव्हता. तरीही चाळीसहून अधिक वर्षे एक बाई स्वतःच्या चेहऱ्याकडे गरिबीची खूण म्हणून पाहत राहिली. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या, तेव्हा कुटुंबाने आवाहन केले आणि त्याच चित्राच्या ओळखीने लोकांनी सुमारे ३५ हजार डॉलर पाठवले. चित्राने त्यांचे भले केले की वाईट, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. पण प्रत पाठवतो असे सांगून न पाठवणे, हे आपल्या व्यवसायात आजही सर्रास चालते आणि ते मला सर्वांत जास्त लागते. वारीत दर दहा फोटोंमागे एक तरी माणूस 'आम्हाला पाठवा' म्हणतो. हो म्हणत असाल तर पत्ता लिहून घ्या आणि पाठवा. पाठवणार नसाल तर हो म्हणू नका.

ओळींबद्दलही लिहायला हवे. आपण फोटोखाली 'थकलेले पाऊल', 'उपाशी पोटी विठ्ठलाच्या भेटीला' असले काहीतरी लिहून मोकळे होतो. त्या माणसाने उपाशी असल्याचे सांगितले होते का? बहुधा तो दिंडीच्या पंगतीतून जेवून उठलेला असतो. जे पाहिले आणि जे विचारले, तेवढेच लिहावे.

रिंगण यांनी अंघोळीबद्दल जे लिहिले आहे, त्यात मला अक्षरही बदलायचे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकण्यात आल्या, त्या विक्रीसही ठेवल्या गेल्या आणि उत्तर प्रदेश पोलिसांना त्याबद्दल गुन्हे नोंदवावे लागले. त्याच मेळ्यात माळा विकणाऱ्या एका मुलीची चित्रफीत इतकी पसरली की, तिच्याभोवती कॅमेऱ्यांची गर्दी होऊन माळा विकणेच अशक्य झाले आणि तिला घरी परतावे लागले. २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. तेथे जाणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकार मंडळाने गोदाघाटावरच्या स्नानाबद्दलचा आपला नियम आताच लिहून काढावा आणि नव्या सभासदाकडून त्यावर सही घ्यावी, असे मला वाटते.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला मी आज कळवले आहे की, आजींची भेट होऊन त्यांनी सर्व समजून होकार दिल्याशिवाय फोटो मिळणार नाही. जुने फोटो पुन्हा पाहिले, त्यांत एका ट्रकच्या पाटीवर दिंडीचा क्रमांक अर्धा दिसतो आहे. त्यावरून शोध सुरू करतो. आता दोन शंका उरल्या आहेत. आजींना वाचता येत नसेल तर होकार कसा घ्यावा? आणि त्यांच्या मुलाने सही केली तर ती चालेल का?

तगर

मुलाची सही चालणार नाही. आजी सज्ञान आहेत आणि निर्णय त्यांचा आहे. मुलगा साक्षीदार म्हणून सही करू शकतो. करार मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पानात करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. जाहिरात कुठे दिसेल (वर्तमानपत्र, एसटी स्थानकावरचे फलक, मोबाइल), किती काळ दिसेल, मोबदला किती आणि कोणाला, हे त्यात स्पष्ट असू द्या. काही वर्षांची मुदत जरूर घाला. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत' असे शब्द संस्थेच्या मसुद्यात असतील तर ते खोडायला लावा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या आचारसंहितेतही, एखाद्या व्यक्तीचा उल्लेख तिच्या परवानगीविना करून वस्तूला गैरलाभ मिळवून देणे मना आहे, हे संस्थेला लिहून कळवा. अंगठा असेल तर दोन साक्षीदार घ्या आणि कराराची एक प्रत आजींकडेच ठेवा.

रिंगण

यात माझी एक भर. करार वाचण्याआधी जाहिरातीचे तयार चित्र, त्यावरच्या मजकुरासह, आजींना दाखवा, म्हणजे आपला चेहरा कशाशेजारी बसणार आहे ते त्यांना दिसेल. त्यांच्या गुडघ्याला तेल चोळणारी बाईही फोटोत आहे. ती ओळखू येत असेल तर तिचाही होकार आणि तिचाही मोबदला हवा. पैशांबद्दल त्या कदाचित म्हणतील की आम्हाला नको, दिंडीच्या अन्नदानात घाला. तसे त्या म्हणाल्या तर घाला, पण त्यांच्या वतीने तुम्ही आधीच ठरवून जाऊ नका, कारण बियाण्याला किंवा औषधाला त्या पैशांची गरज आहे की नाही हे त्यांनाच माहीत. जायचे असेल तर पेरणी-काढणीचे दिवस टाळा, एकादशीच्या दुपारी जा, आणि करार होवो वा न होवो, फोटोची मोठी प्रत काच लावून बरोबर न्या.